थायरॉईड, वजन आणि ऊनोदरी तप

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्ण महोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आजाराचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या विषयाची घराघरांत कुजबुज होते आणि सभेत मात्र उच्चार होत नाही, तो विषय सभेत मांडला जाणे ही देखील एक समाजसेवाच होय. थायरॉईड ग्रंथी मंदावल्यामुळे वाढणारे वजन हा असाच एक विषय आहे.

डोळ्यांसमोर एक घर आणावे. घरातील गृहिणीने चाळिशी ओलांडली आहे. पहाटे उठणे, सामायिक, स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची सेवा, सर्व काही नियमाने चालते. दोन वर्षांत तिचे वजन चौसष्ट किलोंवरून शहात्तर किलोंवर गेले आहे. जिना चढताना थकवा येतो, इतरांना उकडत असताना तिला थंडी वाजते, केस गळतात, पोट साफ होत नाही, सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसतो. घरचे म्हणतात, "आळस वाढला." शेजारी म्हणतात, "सुख मानवले." पर्युषणात ती अठ्ठाई करते, वजन चार किलो उतरते आणि पारण्यानंतर दोन महिन्यांत पुन्हा पूर्वपदावर येते. शेवटी रक्ततपासणी होते, थायरॉईडचे निदान होते, गोळी सुरू होते. सहा महिन्यांत थकवा जातो, पण वजन जेमतेम तीन किलो कमी होते. ती निराश होते. कोणी तरी सांगते, "ही गोळी एकदा लागली की सुटत नाही." आणि एक दिवस ती गोळी बंद करते.

हे चित्र कल्पनेतले असले तरी अनोळखी नाही. भारतातील आठ शहरांत, त्यांत मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ५,४०० प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ ११ टक्के लोकांची थायरॉईड ग्रंथी मंदावलेली आढळली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना आपल्याला हा विकार आहे याची कल्पनाच नव्हती. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो.

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी असते. आहारातील आयोडीन घेऊन ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीराचा चयापचय किती वेगाने चालावा, हे त्यांच्यावर अवलंबून असते. ग्रंथीचे काम मंदावले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी तिला वारंवार ताकीद देते. ही ताकीद म्हणजेच रक्तातील टीएसएच. म्हणून काम कमी होते तेव्हा टीएसएचचा आकडा वाढलेला दिसतो.

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. थायरॉईडमुळे वजन वाढते हे खरे. पण सर्व वाढलेले वजन थायरॉईडचे नसते. या विकारामुळे वाढणारे वजन साधारणतः अडीच ते साडेचार किलो असते आणि त्यातही बराच भाग शरीरात साठून राहिलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. गोळीने उतरते ते हेच. वरच्या उदाहरणातील बारा किलोंपैकी तीन किलो उतरले, म्हणजे गोळीने आपले काम चोख केले. उरलेले नऊ किलो ताटातून आले होते आणि ते ताटातूनच जाणार. गोळीचे काम गोळीने करावे आणि ताटाचे काम ताटाने. गोळी सोडून आहाराने ग्रंथी सुधारत नाही आणि आहार न बदलता गोळीने चरबी जात नाही. वजन लवकर उतरावे म्हणून मनाने जादा गोळी घेणे तर अत्यंत घातक. त्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात.

जैन कुटुंबांत एक शंका नेहमी विचारली जाते. ही गोळी प्राणिजन्य तर नाही ना? शंका निराधार नाही. १८९१ मध्ये या विकारावर पहिला यशस्वी उपचार झाला तो मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काने. पुढे १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर या शास्त्रज्ञांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार केले. आज भारतात डॉक्टर सामान्यतः लिहून देतात ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी कृत्रिमरीत्या तयार केलेली असते. परदेशात मात्र डुकराच्या ग्रंथीपासून केलेले औषधही मिळते. म्हणून परदेशातून कोणी गोळ्या पाठविल्यास त्यांवरील मजकूर अवश्य वाचावा.

गोळी रिकाम्या पोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यावयाची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. गोळी आणि चहा एकत्र घेतल्यास औषध पुरते शोषले जात नाही. नवकारसी करणाऱ्यांना हे सहज साधते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारून गोळी घ्यावी आणि चहा-नाश्ता तासाभराने करावा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासावे.

उपवासाचे काय? शरीरातील हे औषध निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी राहिली तर सहसा मोठे संकट ओढवत नाही. परंतु अठ्ठाईभर गोळी बंद ठेवली तर पारण्याच्या दिवशी साठा जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो, आणि मासखमणात तर तो अगदीच थोडा उरतो. शिवाय दीर्घ उपवासात निरोगी माणसाचेही टी-३ घटते. शरीर काटकसरीने चालू लागते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पारण्यानंतर वजन परत येते त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून थायरॉईडच्या रुग्णाने मोठे तप आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आणि गुरुभगवंतांची आज्ञा, दोन्ही घ्यावीत. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत. तीव्र व्याधीत समाधी टिकावी यासाठीचा आगारही त्यांत आहे. गर्भवती भगिनींनी आणि हृदयविकार असलेल्यांनी तर गोळीत खंड पडू देऊच नये. आणि एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे: अठ्ठाई कर्मनिर्जरेसाठी आहे, वजन उतरविण्यासाठी नव्हे.

मग वजनासाठी कोणते तप? बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे. त्याच मालिकेत वृत्तिसंक्षेप आहे, म्हणजे ताटातील पदार्थांची संख्या मर्यादित करणे. आणि रसपरित्याग आहे, म्हणजे विगईंचा त्याग. या तपांची मिरवणूक निघत नाही, पारण्याला पाहुणे येत नाहीत, पत्रिका छापली जात नाही. परंतु ती ३६५ दिवस करता येतात, आणि थायरॉईडच्या रुग्णाला उपयोगी पडतात ती हीच.

रसपरित्यागाचा थोडा हिशेब मांडून पाहावा. दिवसाला सहा चपात्या आणि प्रत्येकीला अर्धा चमचा तूप, म्हणजे तीन चमचे. एका चमच्याचे ४५ उष्मांक धरल्यास १३५ होतात. तीन कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सहा चमचे; त्यांचे १२०. दुपारी गप्पा मारता मारता मूठभर फरसाण, त्याचे सुमारे १६०. तूप व साखर निम्मी केली आणि फरसाण बंद केले, तर रोज सुमारे २८५ उष्मांक वाचतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. म्हणजे कोणतेही उपाशीपण न सोसता महिन्याला साधारण एक किलो. शरीर खतावणीप्रमाणे काटेकोर चालत नाही, त्यामुळे आकडे मागे-पुढे होतील. पण दिशा चुकणार नाही.

सहा विगईंपैकी तळण, गोड आणि तूप यांवर मर्यादा घालावी. दूध-दही मात्र सरसकट सोडू नये, कारण शाकाहारात प्रथिने आणि कॅल्शियम त्यांतूनही मिळतात. मूग, तूर, मसूर, हरभरा यांपैकी एक डाळ प्रत्येक जेवणात घट्ट असावी. नुसते पातळ वरण पुरत नाही. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी डाळ एका वेळी आणि दही दुसऱ्या वेळी घ्यावे. ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, कारले यांनी पोट भरते आणि बद्धकोष्ठाची तक्रारही कमी होते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची परंपरा या कामी मोठी मदत करते, कारण रात्रीचे अवांतर खाणे आपोआप बंद होते. मात्र चौविहाराची वेळ गाठण्याच्या घाईत दुकानातच फरसाणावर भूक भागविली, तर नियम पाळला जातो आणि लाभ निसटतो.

कोबी-फ्लॉवर खाऊ नयेत, असे थायरॉईडच्या रुग्णांना पुष्कळदा सांगितले जाते. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास त्यांनी अपाय होत नाही. सोयाबीनही वर्ज्य नाही. ते गोळीच्या वेळेपासून दूर असावे, इतकेच. मिठाविषयी मात्र दक्षता हवी. प्रौढाला दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. १९६२ मध्ये सरकारने गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि मिठात आयोडीन मिसळले जाऊ लागले. अनेक घरांत आता बारमाही सैंधवच वापरतात. त्यात पुरेसे आयोडीन नसते. सैंधव प्रसंगी असावे, रोजचे मीठ आयोडीनयुक्तच असावे. उलट, आयोडीन वाढावे म्हणून मीठ जास्त खाणे किंवा आयोडीनची औषधे मनाने घेणे हेही चूक, कारण आज हा विकार पुष्कळदा शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीनेच ग्रंथीवर हल्ला केल्यामुळे होतो आणि जादा आयोडीनने तो बळावू शकतो.

गोळी नियमित असूनही थकवा जात नसेल तर बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाकाहारी घरांत यांची कमतरता बरीच आढळते. रोज अर्धा-पाऊण तास चालावे. दर्शनाला वाहनाऐवजी पायी जाणे हाही त्याचाच भाग ठरेल.

शेवटी घरातील मंडळींना एक विनंती. ऊनोदरी एकटीने होत नाही. घरात सर्वांसाठी कचोरी तळायची आणि तिनेच ती खायची नाही, हे तप नव्हे, ही शिक्षा आहे. स्वयंपाक एकच असावा आणि तो सर्वांनी जेवावा. तिच्या वजनावरून चारचौघांत बोललेला एक शब्द तिला उपवासापेक्षा जड जातो. वाणीचा संयमही संयमच आहे. पहाटे उठणारी, सर्वांना वाढून मग जेवणारी ती स्त्री आळशी झाली नव्हती, आजारी होती. हे घराने एकदा मान्य केले की औषधाचे निम्मे काम होते. तिने गोळी सोडली असेल तर ती कोणी प्रेमाने पुन्हा हाती द्यावी आणि डॉक्टरांकडे तिच्यासोबत जावे.

पन्नास वर्षांत ट्रस्टने अनेक तपस्वींचे बहुमान पाहिले. पुढील वर्षांत प्रत्येक घरातील ताटात ऊनोदरी दिसावी. तिचा बहुमान झाला नाही तरी चालेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!