इमारतीची वीज मोजणारं शिक्षण : वाट कोणती धरावी?

(विहारातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला शिक्षणावर दोन शब्द बोलायला सांगितले. आमचं स्वतःचं शिक्षण दहावी, तेही पाळी सांभाळून रात्री केलेलं. उभं आयुष्य सूतगिरणीत रिंगफ्रेमवर गेलं. तेव्हा इंजिनिअरिंगवर आम्ही काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण आपल्याच गल्लीतली एक लेक यंदा मेकॅनिकलची बी.ई. झाली आणि पुढं काय करू म्हणून आमच्याकडं आली. तिला इमारतींच्या ऊर्जेचं काम शिकायचं आहे. बाप म्हणतो स्पर्धा परीक्षा दे. मामा म्हणतो पुण्यात एम.बी.ए. कर, कर्ज काढू. आम्ही तिला लगेच उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते आधी सांगतो.

काही वर्षांमागं असंच एक पोरगं पेपरातली जाहिरात घेऊन आलं होतं. वर्षाचा कोर्स होता, नावात 'ऊर्जा' होती. आम्हीच म्हणालो, नवं आहे, जा. त्याच्या आईनं गळ्यातलं मोडलं. वर्षानं प्रमाणपत्र मिळालं, पण मुलाखतीत ते कुणी हातात धरेना. त्याला ना विद्यापीठाची मान्यता होती ना तंत्रशिक्षण परिषदेची. संस्थेचं नाव घेत नाही. मान्यता आहे का, एवढं विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. ती माउली आज या सभेत बसली आहे.

आता हे काम असतं तरी काय? आम्ही ते गिरणीत पाहिलं. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून सूतगिरणीत ह्युमिडिटी प्लँट असतो. मोठाले पंखे पाण्याच्या फवाऱ्यातून हवा ओढून खात्यात सोडतात. आमच्याकडं हे पंखे रात्रंदिवस पुऱ्या वेगानं चालायचे आणि हवा जास्त झाली की झडप अर्धी लावायची. म्हंजे बैल पळवायचा आणि गाडीला खुट्टीही लावायची! एकदा एक तरुण एनर्जी ऑडिटर आला, वायरीभोवती मीटरचा चिमटा लावून बसला. म्हणाला, "काका, झडप उघडी ठेवा आणि पंख्याचा वेगच कमी करा. पाच भागांचा वेग चार भागांवर आणला तर वीज निम्म्यावर येते." आम्हाला पटेना. रात्री कागदावर मांडलं. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. ०.८ ला ०.८ नं दोनदा गुणलं, ०.५१ आले. त्या पोराच्या अकलेचा आम्हाला हेवा वाटला, खोटं कशाला बोला.

इमारतीचं असंच आहे. आपल्या आजा-पणजाच्या काळी गावात माळवदाची घरं होती, लाकडावर जाड मातीचा थर. उन्हाळ्यातही आत गारवा. (आपल्या वाट्याला ती थोडीच आली, ते वेगळं.) आता पत्रा आला, स्लॅब आला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. मग पंखा, कूलर, एसी आणि बिल. भिंत कशाची, छपरावर काय, पश्चिमेच्या खिडकीला सावली किती, एसी केवढा, हे हिशेबानं ठरवणं म्हंजे हे शास्त्र. बीडच्या माणसाला याची किंमत जास्त कळावी. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं. आपल्याकडं विजेच्या युनिटात पाणीही असतं.

आणि ही नुसती हौस नाही, कायदा आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो झाला. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये संहिता आली, २०१७ मध्ये सुधारली. राहत्या घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. अंमल ढिला आहे, पण हिशेब करणारी माणसं लागणारच.

मग शिकायचं कसं? आमचं मत स्पष्ट आहे. आधी पक्की मूळ पदवी घ्या, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल किंवा आर्किटेक्चर. बारीक विषय नंतर. दहावीनंतर घरची ओढाताण असेल तर आपल्या बीडचं शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आय.टी.आय.चा रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिकचा ट्रेडही हलका समजू नका. ब्यूरोची ऊर्जा व्यवस्थापकाची परीक्षा पदवीवाल्याला तीन वर्षांच्या कामाच्या अनुभवानंतर देता येते आणि डिप्लोमावाल्याला सहा. ऑडिटर व्हायचं तर मात्र पदवी पाहिजे.

पदवीच्या पुढं मुंबईच्या आय.आय.टी.त ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात तर इमारतींच्या ऊर्जेचंच एम.टेक. आहे, पण तिथली फी आपल्याला झेपणारी नाही, शिष्यवृत्तीचं पक्कं झाल्याशिवाय पाय ठेवू नये. आय.आय.टी.ला 'गेट' परीक्षेतून गेलं तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. मामाच्या कर्जाशेजारी हा आकडा मांडून बघा! मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जात पडताळणीचा कागद मात्र आत्ताच काढून ठेवा.

१९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारकडं शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. त्याच काळात ते मजूरमंत्री होते आणि विजेचा कारभारही त्यांच्याकडंच होता. आपण मात्र अजून 'साहेबाची खुर्ची' एवढंच धरून बसलो. स्पर्धा परीक्षा द्यावी, पण चार-पाच वर्षं तेवढीच देत खोलीत बसू नये.

त्या लेकीला आम्ही आता सांगितलं आहे. एम.बी.ए. नको. पुण्यात एसीची कामं करणाऱ्या कंपनीत वर्षभर नोकरी कर, साइटवर हात काळे कर, संध्याकाळी 'गेट'चा अभ्यास कर. हे काम आवडतं की नाही, तेही त्यात कळेल. नोकरी बीडात नाही, हे तिच्या बापाला तोंडावर सांगितलं. तो अजून गप्प आहे. आईनं मात्र पुण्यातल्या वसतिगृहांची चौकशी सुरू केली आहे.

येत्या रविवारी ती लेक दुपारी या सभागृहाच्या पत्र्याखालचं तापमान मोजणार आहे. ज्यांना बघायचं त्यांनी यावं, घरची वीजबिलं आणावीत.

काल आम्ही त्या पोराच्या आईकडं गेलो होतो, तुमची गोष्ट सभेत सांगू का, म्हणून विचारायला. ती म्हणाली, "सांगा की. पण या पोरीच्या कॉलेजाचं मान्यतेचं पत्र आलं, की आधी मला वाचून दाखवा."