तयार कपड्यांचे शास्त्र : पदवी शिक्षणाचे एक अपरिचित दालन

(वेशरचना व वस्त्रनिर्मिती या विषयांकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वेशरचनेची पदवी घेणार असे घरी सांगितले की साधारणपणे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही पालकांना ते श्रीमंतांच्या मुलांचे चोचले वाटतात, तर काहींना ‘शेवटी शिंपीकामच ना’ असा प्रश्न पडतो. या दोन्ही मतांमध्ये एक उणीव समान आहे. कारखाना कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो. शासकीय आकडेवारीनुसार वस्त्रोद्योगात सुमारे साडेचार कोटी लोकांना प्रत्यक्ष रोजगार मिळतो. शेतीच्या खालोखाल हा सर्वांत मोठा रोजगार होय. त्यातही यंत्रांच्या तुलनेत माणसांचे हात ज्या टप्प्यावर सर्वाधिक लागतात, तो टप्पा म्हणजे कापडाचा कपडा होण्याचा. आजचे विवेचन मी मुख्यतः या टप्प्याच्या शिक्षणापुरते मर्यादित ठेवणार आहे.

हा विषय आपल्या विद्यापीठांत दोन दारांनी आला. पहिले दार गृहविज्ञानाचे. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय (स्थापना १९३२), बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ अशा संस्थांत तंतू, विणकाम, रंगकाम आणि शिवण यांचे शिक्षण मुलींना मिळू लागले. दुसरे दार अभियांत्रिकीचे. तेथे सूतगिरणी आणि कापड गिरणी डोळ्यांसमोर ठेवून अभ्यासक्रम आखले गेले. तयार कपड्यांचे उत्पादन मात्र या दोहोंच्या मधल्या जागेत राहून गेले. ती जागा भरण्यासाठी केंद्रीय वस्त्र मंत्रालयाने १९८६ मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच ‘निफ्ट’ स्थापन केली. आरंभी तेथे पदविका मिळत असे. पदवी देण्याचा अधिकार संस्थेला २००६ च्या कायद्याने प्राप्त झाला.

प्रशिक्षित उत्पादन तंत्रज्ञांची निकड इतकी उशिरा का भासली, याची कारणे स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. १९७४ पासून बहुधागा करारान्वये श्रीमंत देश प्रत्येक निर्यातदार देशाला कोटा ठरवून देत. कोटा हाती असला की ग्राहक ठरलेलाच. दुसरे असे की, आपल्याकडे तयार कपड्यांचे उत्पादन दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होते. राष्ट्रीय वस्त्र धोरण २००० नंतर हे आरक्षण उठत गेले. लहान कारखान्याला अभियंता परवडत नव्हता आणि तो असावा असे वाटतही नव्हते. १ जानेवारी २००५ रोजी कोटा पद्धत संपली आणि स्पर्धा उघड्यावर आली. कापसाचे पीक, सूत, कापड हे सारे आपल्या घरचे असूनही तयार कपड्यांच्या निर्यातीत बांगलादेश आपल्या पुढे निघून गेला. युरोपातील शुल्कमुक्त प्रवेश हे त्याचे एक कारण आहेच, परंतु मोठे कारखाने आणि त्यांत बसवलेली शिस्तबद्ध उत्पादन व्यवस्था हेही कारण आहे.

या व्यवस्थेचे शिक्षण म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. एक साधा सदरा शिवण्यास प्रमाणित २० मिनिटे लागतात असे समजा. कारखान्यात यालाच ‘एसएएम’ म्हणतात. कॉलर, कफ, योक, बाही, काजे, बटणे अशा प्रत्येक कृतीचा काळ स्वतंत्र मोजून ही बेरीज केलेली असते. एका लाइनीत ३० कारागीर आहेत आणि पाळी ४८० मिनिटांची आहे. एकूण उपलब्ध मिनिटे झाली १४,४००. कार्यक्षमता शंभर टक्के असती तर दिवसाला ७२० सदरे निघाले असते. ती ५० टक्के असेल तर ३६०. उरलेले ३६० कोठे गेले, याचा शोध घेणे हे उत्पादन अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याचे काम. बहुधा असे दिसते की, कॉलर जोडणारीपुढे गठ्ठे साचलेले आहेत आणि तिच्या पुढची कारागीर रिकामी बसली आहे. कधी सुईत धागा वारंवार तुटत असतो. कधी कापणी विभागातून सुटे भाग उशिरा येतात. दोष हातांचा क्वचितच असतो, आखणीचा पुष्कळदा असतो. हे वाक्य मी पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगतो तेव्हा मुले माना डोलावतात; त्याचा खरा अर्थ त्यांना कारखान्यातील प्रशिक्षणाच्या दिवसांत उमगतो.

कापणीचेही तसेच. कपड्याच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापडाचा असतो. आपला शिंपी कापड बेततो, तेव्हा बाहीच्या तुकड्याशेजारी कॉलर कशी बसेल हे नजरेने ठरवतो, शिवणीसाठी माया सोडतो आणि उरेब पट्टीसाठी कोपरा राखून ठेवतो. कारखान्यात हेच काम ‘मार्कर’ करतो. फरक एवढाच की तेथे चूक हजारांनी गुणली जाते. ५०,००० सदऱ्यांना प्रत्येकी १.६ मीटर या हिशेबाने ८०,००० मीटर कापड लागते. कापडाचा उपयोग ८२ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर नेला, तर सुमारे १,९०० मीटर कापड वाचते. मीटरला १५० रुपये धरले तरी ही बचत २ लाख ८५ हजारांच्या आसपास जाते. दहावीचे गणित येथे पुरेसे आहे. ते कंटाळा न करता रोज करावे लागते, इतकेच.

आता मापांकडे वळू. दुकानात ‘एम’ किंवा ‘एल’ लिहिलेला कपडा एका कंपनीचा बसतो आणि दुसरीचा बसत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. अमेरिका, ब्रिटन आदी देशांनी आपल्या लोकसंख्येचे मोजमाप करून मापांचे तक्ते तयार केले. आपल्याकडील उत्पादक बराच काळ त्याच तक्त्यांत थोडाफार बदल करून काम भागवत आले. त्यातून गफलत होते, कारण शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढत नाही. छाती चार इंचांनी रुंदावली म्हणून मुंढा आणि खांदा त्याच हिशेबाने वाढत नाहीत. या वाढीचे नियम बसवणे म्हणजेच ‘ग्रेडिंग’, आणि ते नियम माणसे मोजल्याविना मिळत नाहीत. म्हणूनच वस्त्र मंत्रालयाच्या पाठबळाने निफ्टने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील २५,००० हून अधिक स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची ही योजना होती. सांख्यिकी, शरीररचना आणि शिवणकला एकत्र येतात असे संशोधन ज्यांना करावयाचे आहे, त्यांच्यासाठी येथे कित्येक वर्षांचे काम पडले आहे.

या शिक्षणाची एक बाजू माहितीपत्रकांत छापली जात नाही. पदवीधर होऊन तुम्ही ज्या खुर्चीवर बसाल, तेथून रोजचे लक्ष्य ठरते. ३६० चे ४२० कराल, तेव्हा वाढलेले ६० सदरे सुधारलेल्या आखणीतून आले की पाणी प्यायला न उठलेल्या बाईच्या पाठीतून, हे कागदावरच्या आकड्यात दिसत नाही. बंगळूरच्या कपडा कारखान्यांत बहुसंख्य कारागीर स्त्रिया आहेत. भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर निर्बंध घालणाऱ्या नियमाविरुद्ध एप्रिल २०१६ मध्ये त्या हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आल्या आणि केंद्र शासनाने तो बदल मागे घेतला. त्यांच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे मुलीची फी किंवा घरातले आजारपण होते. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरीही कारागिरांना आत पाठवण्यात आले. माल वेळेत रवाना करण्याची घाई त्या निर्णयामागे होती. उत्पादन व्यवस्थापनाच्या पाठ्यक्रमात इमारतीची सुरक्षितता आणि कामगार कायदा हे विषय ‘जाता जाता’ शिकवले जाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगाच्या पाण्याचा प्रश्नही असाच. तिरुप्पूरच्या होजिअरीने देशाला परकीय चलन मिळवून दिले आणि नोय्यल नदी गमावली. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी शुद्धीकरण व्यवस्था त्यानंतर तेथे अपरिहार्य ठरली. गडद काळा रंग निवडणाऱ्या रचनाकाराने त्या रंगाला किती पाणी आणि मीठ लागते हे जाणले पाहिजे.

संधींविषयी थोडक्यात सांगतो. जगात कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांची मागणी सुतीपेक्षा जास्त आहे, आपली निर्यात मात्र सुती कपड्यांकडे झुकलेली आहे. २०२१ मधील १०,६८३ कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना याच उणिवेसाठी आहे. पीएम मित्र योजनेतील सात वस्त्रोद्यानांपैकी एक अमरावतीला असून त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. अशा उद्यानांना रचनाकारांपेक्षा उत्पादन, गुणवत्ता आणि खरेदी सांभाळणारी माणसे अधिक संख्येने लागतील.

प्रवेशासंबंधी पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून एवढे सांगून थांबतो. निफ्टमध्ये रचनेची पदवी वेगळी आणि फॅशन तंत्रज्ञानाची पदवी वेगळी. पहिलीसाठी चित्रकला व कल्पकतेची चाचणी असते. दुसरीसाठी ती नसते. तेथे सर्वसाधारण क्षमता चाचणीवर निवड होते आणि अभ्यासात गणिताला महत्त्व असते. चित्रकला येत नाही म्हणून या क्षेत्राकडे पाठ फिरवलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी ‘नेट’ परीक्षेतील गृहविज्ञानाचा पाठ्यक्रम पाहावा, वस्त्र व वेशरचना हे घटक त्यात आहेत. खासगी संस्था निवडताना इमारतीपेक्षा तिची कार्यशाळा पाहा. तेथे औद्योगिक शिलाई यंत्रे किती आहेत, विद्यार्थी किती आठवडे प्रत्यक्ष कारखान्यात काढतात आणि मागील तुकडीतील मुले आज कोणत्या पदावर काम करीत आहेत, हे तीन प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी विचारा आणि उत्तरे लेखी मागा.