खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ



घरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. काच पुसली, दगड घासले, तरी आठवडाभरात हिरवं केसाळ शेवाळ पुन्हा हजर! मग दुकानातून औषधाची बाटली येते. ती बाटली आणू नका, हे मला आज कळकळीनं सांगायचं आहे. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं, आणि टाकीतल्या गोगलगायी, कोळंब्या तांब्यानं मरतात. शिवाय मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजतं, प्राणवायू संपवतं आणि शोषलेलं खत पाण्याला परत देतं. पुढचं पीक त्याच खतावर येतं.

हे खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. माशांचं उरलेलं खाणं आणि विष्ठा यांतून ते येतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पाण्यातूनही येतं, हे मात्र ध्यानात राहत नाही. आपण स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालतो आणि निर्धास्त होतो. पण पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळायची सोय पुष्कळदा असते. विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर त्यात बुडवून पाहा. आकडा 50-60 किंवा त्याहूनही वर दिसेल. टाकीत घालायच्या पाण्यात, मीठ मिसळण्याआधी, तो शून्य हवा, म्हणून आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिनचं फिल्टर लागतं. टाकीतून उडून जातं ते निव्वळ पाणी. आपण रोज ओतलेल्या पाण्यातलं बाकी सगळं आतच साठत राहतं.

टाकी शेवाळानं भरलेली असताना चाचणीत नायट्रेट शून्य दिसलं, तर हुरळून जाऊ नका. ते शेवाळानंच खाल्लेलं असतं. आधी दगड बादलीत घेऊन जुन्या टूथब्रशनं शेवाळ मुळापासून काढा. दिवा आठ तासांच्या वर नको. गोठवलेलं खाणं गाळणीत वितळवा आणि खालचं पाणी फेकून द्या.

आणि चरणारे जीव ठेवा. त्यांचं मोल कॅरिबियन समुद्रानं दाखवून दिलं आहे. 1983 साली पनामाजवळ लांब काट्यांचे, शेवाळ चरणारे काळे सी-अर्चिन रोगानं मरू लागले आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमधून नाहीसे झाले. जमैकाच्या प्रवाळभिंतींवरचे शेवाळखाऊ मासे लोकांनी आधीच मारून संपवले होते. शेवाळ चरणारं कुणी न उरल्यानं वादळांनी मोडलेलं प्रवाळ पुन्हा सावरलंच नाही. 1970च्या दशकाच्या अखेरीस तिथं निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळानं झाकलेला होता. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ते आच्छादन जेमतेम तीन टक्के उरलं आणि बाकी बहुतेक तळ शेवाळानं व्यापला. आपल्या टाकीत टर्बो किंवा ट्रोकस जातीच्या गोगलगायी हेच चरण्याचं काम करतात.

मात्र खत पार शून्यावर नेण्याच्या मागे लागू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले की बुडबुडे धरलेली तपकिरी बुळबुळीत तार दगडांवर चढते. ते डायनोफ्लॅजेलेट, त्यांतले काही विषारी असतात, ते खाऊन गोगलगायी मरतात. नव्या टाकीतला भुरकट तपकिरी थर वेगळा, तो डायटमचा. त्याला घाबरू नका, काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो.

शेवाळ हटायला महिने लागतात. तेवढा धीर धरा, आणि तोवर टाकीत एकही नवा मासा सोडू नका.