फडाची मालकीण : कांताबाई सातारकर

आपल्या कऱ्हाटीत 'फड' हा शब्द तीन ठिकाणी चालतो. उसाचा फड, कुस्त्यांचा फड आणि तमाशाचा फड. पहिले दोन्ही फड आपण आपले मानतो. ऊस आपला, पैलवानही आपला. तमाशाचा फड मात्र जत्रेपुरता यावा, रात्र गाजवावी, सकाळची हजेरी द्यावी आणि गाव जागे होण्याआधी पुढच्या मुक्कामाला लागावे, अशी आपली रीत. त्या राहुट्यांत माणसे कोण होती, त्यांचा प्रपंच कसा चालतो, याची विचारपूस आपण फारशी करीत नाही. म्हणून आज एका फडमालकिणीची हकिकत सांगतो. त्यांचे नाव कांताबाई सातारकर.

आडनावावरून त्या साताऱ्याच्या वाटतील. आणि वाढल्या त्या साताऱ्यातच. पण जन्म १९३९ सालचा, गुजरातेतल्या बडोद्याकडचा. आई-वडील दगडाच्या खाणीत कामाला होते. म्हणजे घरात तमाशाची परंपरा नव्हती. होती ती मोलमजुरीची. साताऱ्यात आल्यावर ही पोर मेळ्यांतून नाचू-गाऊ लागली. गणेशोत्सवातले मेळे जुन्या मंडळींना आठवत असतील. ज्यांना शाळेत गाणे शिकण्याची सोय नव्हती, अशा कितीतरी मुलांची ती शाळाच होती. तिथून ही मुलगी तमाशात आली आणि तुकाराम खेडकर यांच्या नामांकित फडात उभी राहिली. तुकाराम खेडकर हे वगातले मोठे नट. पुढे दोघांचा संसार झाला. रंगमंचावरही ही जोडी गाजली.

तो काळ कसा होता, हे थोडे समजून घेतले पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. नंतर महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बंदी उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घेण्याचा दंडक आला. तमाशाला 'लोकनाट्य' हे सभ्य नाव मिळाले ते याच सुमारास. नाव पालटले, तरी नजर लगेच पालटत नाही. तमाशात बाई उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईपासून, असे मानतात. त्याआधी बाईचे काम नाच्या करी. नाटकाच्या रंगभूमीवरही बायकांची कामे पुरुषच करीत. १९२९च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढली, त्याचे शहरात केवढे कौतुक झाले! तमाशातली बाई तर तेव्हा आधीपासूनच काम करीत होती. पण तिच्या वाट्याला शिट्ट्या आल्या आणि मागाहून नावे ठेवणे आले.

१९६४ साली तुकाराम खेडकर वारले. कांताबाई तेव्हा अवघ्या पंचविशीच्या, पदरात लहान मुले. फड गाजलेला खरा, पण त्यात त्यांना जागा उरली नाही. आपल्या खेड्यांतून अशी वेळ आलेल्या लेकीबाळी आपण पाहतो. जमीन असूनही सातबाऱ्यावर नाव नसते, तसाच हा प्रकार. ज्या फडाला आपल्या पायातल्या घुंगरांनी नाव मिळवून दिले, त्यातून बाईने मुलांना घेऊन बाहेर पडायचे!

कांताबाई बाहेर पडल्या, पण रंगमंच सोडला नाही. काही काळ दुसऱ्यांच्या फडात काम केले, हिंमत धरली आणि पुढे स्वतःच्या नावाचा फड उभा केला. मुलगा रघुवीर हाताशी आल्यावर दोघांच्या नावाने ते तमाशा मंडळ महाराष्ट्रभर फिरले. संगमनेर हे त्यांचे घर झाले. 'रायगडची राणी'सारखे ऐतिहासिक वग, तसेच सामाजिक वगही त्यांच्या फडाने रंगवले.

आता फड उभा करायचा म्हणजे काय करायचे? ऊसतोडीची टोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन समजेल. हंगामाच्या तोंडी कलावंतांना उचल द्यावी लागते. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, वगातले नट, आचारी, गाडीवान, तंबू ठोकणारे गडी, असा मोठा कबिला. पावसाळ्यात काम नाही, तरी पोट आहेच; म्हणून उचल. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो. तिकीट लावून कनातीत खेळ होतात. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पुढारी नारायणगावी जातात, तिथल्या राहुट्यांत बसून जत्रेची सुपारी ठरवतात. चैत्र-वैशाखात रोज एक गाव. रात्री गण, गवळण, बतावणी आणि वग, सकाळी हजेरी, दुपारी सामान गाडीत. या सुपाऱ्यांवर वर्षाची उचल फिटायची असते. एखाद्या गावी पाऊस आला किंवा भांडण होऊन खेळ मोडला, तरी पहाटे चूल पेटवावीच लागते. रात्री रंगमंचावर राणी व्हायचे आणि दिवसा हा सगळा हिशेब वाहायचा, असे दुहेरी काम त्या बाईने वर्षानुवर्षे केले.

राज्य शासनाने नारायणगावच्या विठाबाईंच्या नावे तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो सर्वप्रथम कांताबाईंना देण्यात आला. ज्यांच्या नावाचा पुरस्कार, त्या विठाबाई २००२ साली वारल्या. आणि त्यांचे अखेरचे दिवस हालाखीत गेले, हेही आपण विसरू नये. टाळ्यांनी कुणाचे औषधपाणी होत नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि जत्रा बंद झाल्या. ऐन हंगामात राहुट्या मिटल्या. दुसरे वर्षही तसेच गेले. उचल अंगावर, सुपारी नाही, अशी गत साऱ्या फडांची झाली. त्याच साथीत, २५ मे २०२१ रोजी, कांताबाई संगमनेरला वारल्या. वय ऐंशीच्या पुढे होते. हजारो माणसांसमोर उभी राहिलेली ही कलावती गेली, तेव्हा निरोपाला गर्दी करण्याचीही सोय नव्हती.

श्रोतेहो, आपली बारामती ही मोरोपंतांची. सोलापूरचे शाहीर राम जोशी मोरोपंतांच्या सहवासाने कीर्तनाकडे वळले, असे परंपरेने सांगतात. ही आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. पण तिचा अर्थ एवढाच धरायचा का, की शाहिराने लावणी सोडली म्हणून तो मोठा झाला? मला वाटते, पंडित आणि तमासगीर एका बैठकीवर बसू शकले, हा तिचा अर्थ अधिक मोलाचा आहे. ती बैठक आज पुन्हा घालता येईल.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. फड गावात आला, की त्यातली मुले आपल्या शाळेच्या अंगणात येतात. त्यांना वर्गात बसवा. एक दिवस का होईना, त्यांची पाटी कोरी ठेवू नका. गावात एखादा थकलेला ढोलकीवाला असेल, एखादी आजी फडात काम केलेली असेल, तर त्यांच्याकडून जुन्या वगांच्या कथा उतरवून घ्या. हे वग बहुधा छापलेले नसतात. माणूस गेला, की वगही गेला. आणि जत्रा कमिटीच्या कारभाऱ्यांना एवढेच सांगणे, की ठरलेली सुपारी पुरी द्यावी, बायामाणसांच्या राहुटीला आडोसा, पाणी आणि राखण द्यावी. हा काही उपकार नव्हे. पैलवानाला आपण फेटा बांधतो, त्याच हाताने फडमालकिणीला खण-नारळ द्यायला काय हरकत आहे? गाव त्याने लहान होणार नाही.