नंबर : एका परक्या शब्दाचा मराठी संसार



परक्या भाषेंतील शब्द दोन रीतींनीं आपल्या घरीं येतात. कांहीं पाहुण्यासारखे ओसरीवर बसतात आणि काम झालें म्हणजे निघून जातात. कांहीं मात्र थेट माजघरांत शिरतात, आणि दोन पिढ्या लोटल्यावर ते घरचे कीं बाहेरचे हें कोणास ओळखतांहि येत नाहीं. ‘नंबर’ हा इंग्रजी शब्द या दुसऱ्या जातीचा आहे.

बीड जिल्ह्यांतील कोणत्याहि खेड्यांत एक दिवस कान उघडे ठेवून बसावें. सकाळीं पिठाच्या गिरणींत डबा ठेवतांना बाई विचारते, ‘आतां कोणाचा नंबर?’ शेतकरी बैल सोडतांना सांगतो, ‘खालच्या नंबरांत यंदा तूर आहे.’ आजोबा पोथी दूर धरून कुरकुरतात, ‘चष्म्याचा नंबर वाढला वाटतें.’ दुपारीं मूल शाळेंतून धांवत येतें, ‘आई, माझा पहिला नंबर आला!’ आणि संध्याकाळीं पारावर कोणी म्हणतो, ‘तुझा नंबर दे, उद्यां फोन करतों.’ शब्द एकच. अर्थ मात्र पांच. पाळी, शेत, भिंगाची शक्ति, गुणानुक्रम आणि दूरध्वनीचा पत्ता. ज्यांच्या जिभेला ‘न’ जड जातो ते ‘लंबर’ म्हणतात. पण अर्थ चुकत नाहीं. उत्तरेकडील ‘लंबरदार’ हा गांवचा मानकरीहि याच शब्दाच्या पोटीं जन्मलेला आहे.

हा शब्द इंग्रजांचाहि मूळचा नव्हे. लॅटिन भाषेंतील ‘नुमेरुस’ या शब्दापासून फ्रेंचांनीं तो घेतला आणि फ्रेंचांकडून तो इंग्रजांस मिळाला. ज्या धातूपासून तो निघाला असें कांहीं व्युत्पत्तिकार मानतात, त्या धातूचा अर्थ ‘वांटून देणें’ असा आहे. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. कारण बीडच्या माणसानें या शब्दाला जो अर्थ दिला, तो नकळत त्या जुन्या अर्थाच्या जवळ गेलेला आहे.

इंग्रजींत ‘नंबर’ म्हणजे मुख्यतः संख्या किंवा अंक. परीक्षेंतील स्थानाला इंग्रज ‘रँक’ म्हणेल, रांगेंतील पाळीला ‘टर्न’, भिंगाच्या शक्तीला ‘पॉवर’. मराठीनें हीं तिन्ही कामें एकट्या नंबरावर सोंपविलीं. म्हणूनच नवशिका विद्यार्थी ‘माझा पहिला नंबर आला’ याचें भाषांतर ‘माय फर्स्ट नंबर केम’ असें करतो आणि तपासणाऱ्याच्या तांबड्या शाईस बळी पडतो. त्या पोराची चूक इंग्रजीची असते, समजुतीची नसते. तो शब्द इंग्रजी आहे, पण वाक्य अस्सल मराठी आहे, एवढेंच त्याला कोणीं सांगितलेलें नसतें.

हा शब्द खेड्यांत शिरला तो मोठा आधार शेतजमिनीचा धरून. इंग्रजी अमलांत १८३५-३६ सालीं पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जमिनीची नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताची हद्द दगड रोवून पक्की करावयाची, त्यास एक अंक द्यावयाचा आणि त्या अंकावर सारा बसवावयाचा, अशी ती पद्धति होती. बीडचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो तसाच राहिला. तेथील दरबाराची भाषा आधीं फारसी व नंतर उर्दू. पण जमीनमोजणीची धाटणी मात्र मुंबई इलाख्याचीच उचललेली होती. अशा रीतीनें ‘सर्व्हे नंबर’ आला. त्यांतील ‘सर्व्हे’ कागदांत राहिला आणि ‘नंबर’ बांधावर उतरला. पूर्वीं शेतांस आंब्याचें, चिंचेचें, मळ्याचें, म्हसोबाचें अशीं नांवें असत. तीं नांवें पुसलीं गेलीं नाहींत. पण त्यांच्या शेजारीं डोंगराकडचा नंबर, ओढ्याचा नंबर असे नवे शेजारी येऊन बसले. १९४७ सालच्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पुष्कळ ठिकाणीं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नंबर हा शब्द मात्र हलला नाहीं.

याहून गंमत ‘सातबारा’ या शब्दाची. गांवनमुना नंबर सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गांवनमुना नंबर बारा म्हणजे पिकांची नोंदवही. शेतकऱ्यानें ‘गांवनमुना’ टाकला, ‘नंबर’हि टाकला, आणि नुसत्या दोन अंकांचें नाम करून तें आपल्या काळजाशीं धरलें. सातबाऱ्यावर नांव असणें म्हणजे काय, हें ज्याच्या नांवें जमीन नाहीं त्यास विचारावें.

आतां या शब्दाचा खरा संसार पाहावयाचा तर क्रियापदांकडे वळलें पाहिजे. नाम परकें असलें तरी त्यास हांकणारें क्रियापद शुद्ध मराठी आहे आणि अर्थाचा कासरा त्याच्याच हातीं आहे. ‘नंबर येणें’ म्हणजे आपल्या कष्टानें किंवा आपल्या वेळेनें मिळणें. परीक्षेंत नंबर येतो तसाच रांगेंतहि येतो. ‘नंबर लागणें’ म्हणजे पुष्कळांतून निवड होणें. ‘पोरीचा डॉक्टरकीला नंबर लागला’ असें सांगतांना बापाचा ऊर भरून येतो. ‘नंबर लावणें’ म्हणजे रांगेंत आपली जागा नोंदविणें. ‘नंबर धरणें’ म्हणजे शेजारणीसाठीं ती जागा राखणें. ‘नंबर हुकणें’ म्हणजे हातातोंडाशीं आलेलें निसटणें. आणि ‘नंबर लावून देतों’ असें कोणी कानाशीं लागून सांगूं लागला, कीं शहाणा माणूस आपल्या खिशावर हात ठेवतो. येणें, लागणें, लावणें, लावून देणें, या चार पायऱ्यांत कष्टापासून वशिल्यापर्यंतचा सगळा जिना उतरून होतो.

संख्यावाचकांचा खेळहि असाच सूक्ष्म आहे. ‘पहिला नंबर’ आणि ‘एक नंबर’ हे एक नव्हेत. पहिला नंबर स्पर्धेंत मिळतो, तेथें दुसरा व तिसरा असावाच लागतो. ‘भाकरी एक नंबर झाली’ असें म्हटलें तर तेथें स्पर्धा नाहीं, नुसती तृप्ति आहे. त्याहून मोठें अंतर ‘दुसरा नंबर’ आणि ‘दोन नंबर’ यांत आहे. ज्याचा दुसरा नंबर आला त्याच्या गळ्यांत हार पडतो; ज्याचा धंदा दोन नंबरचा त्याच्या दारीं पोलीस येतो. दोन नंबरचा पैसा म्हणजे हिशेबाच्या वहीबाहेरचा पैसा. क्रम दाखविणारें विशेषण गेलें आणि नुसता अंक राहिला, एवढ्यानें मानाचा अपमान झाला. हा भेद कोणत्याहि व्याकरणांत शिकविलेला नाहीं, तरी दहा वर्षांचें पोर तो चुकत नाहीं.

या शब्दाबद्दल खेद करावा काय? ज्या जिल्ह्यांतील अंबाजोगाईस आद्यकवि मुकुंदराज यांची समाधि आहे, जेथें दासोपंतांनीं वस्त्रावर पासोडी लिहिली, तेथील मराठीस परक्या अंकाची गरज कां पडावी, असा प्रश्न भाषाभिमानी मनांत येणें साहजिक आहे. सरकारी कागदांत ‘क्रमांक’ हा सुंदर शब्द आहेच. प्रशस्तिपत्रकावर ‘प्रथम क्रमांक’ छापलेलें असतें. पण तें हातीं घेऊन आई शेजारणीस सांगते ती ‘पहिला नंबर आला’ असेंच सांगते. याचें कारण आळस नव्हे. तें शोधावयाचें तर जे मराठी शब्द नंबरानें मागें सारले, त्यांच्याकडे पाहावें.

‘पाळी’ आणि ‘बारी’ हे ते दोन शब्द होत. पाळी आपल्या माणसांत चालते. सामाईक विहिरीवर भावाभावांत पाण्याची पाळी असते. मोडली तर वडीलधारे समज देतात. बारी देवाच्या दारीं चालते. पंढरपुरास दर्शनाची बारी असते, तेथें माणूस तासन्‌तास उभा राहतो आणि त्यास पुण्य मानतो. नंबर चालतो तो अनोळखी माणसांत. तालुक्याच्या दवाखान्यांत, धान्याच्या दुकानांत, कचेरीच्या खिडकीशीं कोणी कोणाचा भाऊबंद नसतो. तेथें हातांतील चिठी बोलते. आणि चिठीवरचा अंक ना कूळ विचारतो, ना जात.

या शेवटच्या शब्दाचें मोल थोडें नाहीं. पाणवठ्यावर कोणीं जावें आणि कोणीं जाऊं नये, हें एकेकाळीं जन्मावरून ठरत असे. १९२७ सालीं डॉक्टर आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. अशा समाजांत एखादी गरीब म्हातारी भरल्या रांगेंत ‘थांबा, माझा नंबर आहे’ असें म्हणूं शकते आणि पुढें घुसणारा मोठ्या घरचा माणूस वरमून मागें सरतो, तेव्हां तो शब्द नुसता अंक राहत नाहीं. ‘माझी पाळी आहे’ ही विनंति असते. ‘माझा नंबर आहे’ हा हक्क असतो. ज्या मुलखांत सर्वांना पुरेल असें फारसें कांहीं नसतें, तेथें थोडक्याचें न्याय्य वांटप कसें करावें याची रीत म्हणजे नंबर. मूळ धातूचा ‘वांटून देणें’ हा अर्थ येथें पुन्हां भेटतो.

ही रीत दुष्काळांत डोळ्यांनीं पाहावयास मिळते. २०१३ सालीं आणि पुन्हां २०१६ सालीं मराठवाड्याची पाण्यावांचून दैना झाली; शेजारच्या लातुरास तर मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. बीडच्या खेड्यांतून टँकरची वाट पाहत घागरींच्या ओळी लागत. बायका झाडाखालीं बसत आणि घागरी उन्हांत त्यांच्या जागीं उभ्या राहत. घागर ठेवली कीं नंबर लागला. कोणाची घागर कोणी मागें सारली तर तंटा होई. कारण सरकली ती घागर नव्हे, नंबर होता.

पण या शब्दाची जमेची बाजू सांगून खर्चाची झांकणें योग्य होणार नाहीं. दसरा-दिवाळी झाली कीं या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. म्हणजे तेथें माणसाचाच अंक होतो, आणि तोहि दोघांचा मिळून एक. रस्त्यावर ‘एम्. एच्. २३’ या पाटीचीं वाहनें दिसलीं म्हणजे बीडचे लोक आले हें तिकडच्या पोरासोरांस कळतें. कारखान्याच्या आवारांत उसानें भरलेल्या गाड्यांचे नंबर लागतात. थंडीची रात्र, जुवाखालून सोडलेले बैल, पेटविलेलें पाचट, आणि गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत जागरण. नंबर आला म्हणजे गाडी रिकामी होते. माणूस पहाटे कोपीवर पोहोंचतो आणि पुन्हां फडांत जातो.

त्या कोपींत एक मूलहि असतें. गांवच्या शाळेच्या पटावर त्याचा नंबर असतो. वर्गांत मात्र त्याची जागा रिकामी असते. हजेरी घेतांना गुरुजी अंक उच्चारतात, क्षणभर थांबतात आणि पुढच्या अंकावर जातात. ज्याचा दिवाळीपूर्वीं पहिला नंबर आला, तेंच मूल उन्हाळ्यांत परत येतें तेव्हां गुणाकार विसरलेलें असतें. आईबाप परगांवीं गेले तरी मुलांना गांवींच ठेवून शिकवावें म्हणून हंगामी वसतिगृहें निघालीं, हें चांगलें झालें. जेथें तीं नीट चालतात तेथें मूल आजीपाशीं किंवा शाळेपाशीं राहतें आणि त्याचें वर्ष वांचतें.

गांवांतील वृद्ध मंडळी स्मशानांतून परततांना एकमेकांस हंसून म्हणतात, ‘आतां आपला नंबर.’ त्या नंबरास वशिला चालत नाहीं आणि तो कोणाचा हुकतहि नाहीं, म्हणून तें हंसणें निर्मळ असतें. परंतु ज्यांचें आयुष्य अजून पुढें आहे त्यांचा नंबर कोणी हुकवूं नये, एवढी काळजी समाजानें घेतली पाहिजे. परका शब्द आपण घरांत घेतला, त्यास पाळीचा, मानाचा आणि हक्काचा अर्थ दिला. तो अर्थ पाळणें हेंहि आपल्याकडेच आलें. पटावरील अंक उच्चारल्यावर बांकावरून ‘हजर’ असें उत्तर आलें, म्हणजे तो पाळला गेला असें समजावें.