गरोदरपणातला व्यायाम आणि शेतातले कष्ट

दिवस गेल्याचे कळले की जळगाव-धुळ्यातल्या अनेक सुखवस्तू घरांत सुनेला जिनासुद्धा चढू देत नाहीत. आणि तिथून फार लांब नसलेल्या शेतात सातवा महिना लागलेली मजूर बाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत असते. एकीला हालचाल मना, दुसरीला विसावा मना. वैद्यकशास्त्राला दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

आधी पहिलीचे पाहू. गरोदरपणात गुंतागुंत नसेल, तर आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितले. डॉक्टरही पूर्वी बिचकतच होते. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये व्यायाम करताना नाडीचे ठोके 140 च्या वर जाऊ नयेत अशी मर्यादा घातली होती. 1994 मध्ये ती काढून टाकली. पुढे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा व्यायाम करणाऱ्या गर्भवतींत मधुमेहाची आणि रक्तदाबाच्या विकाराची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळली. ‘पण चालण्याने गर्भ पडला तर?’ हा प्रश्न भीतीतून येतो, त्याला हसू नये. मात्र सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निदान निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. त्याचा ठपका बाईच्या चालण्यावर ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात जवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आहार आणि कष्ट मोजले. शेतकाम, पाणी भरणे, धुणे यांचा भार जितका जास्त, तितके बाळाचे वजन कमी, असे त्यांना दिसले. केवळ कष्टांमुळेच तसे झाले, असे अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण इशारा पुरेसा स्पष्ट आहे. व्यायाम अर्ध्या तासात संपतो, दमले की थांबता येते, नंतर खाणे-पिणे होते. मजुरीत थांबलो की रोज बुडतो. त्यात राज्यातल्या जवळपास निम्म्या गर्भवतींच्या अंगात रक्त कमी. अशा बाईला व्यायामाचे धडे देण्याआधी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवायला हवा, आणि तो उतरवण्याचे काम घरातल्या पुरुषाचे आहे.

आता खानदेशापुरती एक गोष्ट. परदेशी पुस्तकात ‘रोज अर्धा तास चाला’ लिहिलेले असते, पण ते भुसावळचा मे महिना पाहून लिहिलेले नसते. पारा 45 च्या घरात जातो तेव्हा चालणे पहाटेच उरकावे, जवळ पाणी ठेवावे. चालता चालता बोलता येईल इतकाच वेग धरावा. चौथ्या महिन्यानंतर पाठीवर उताणे पडून करायचे व्यायाम टाळावेत. वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढला असेल किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. चालताना पाणी गेले, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी ‘मी किती चालू?’ हे विचारावे, आणि मजुरीला जाणाऱ्या बाईने ‘मी कोणते काम सोडू?’ हेही विचारावे. सोबत नवऱ्याला न्यावे, म्हणजे उत्तर त्याच्याही कानावर पडेल.