वाचनाबरोबर विज्ञानही
(बंगळूर येथील मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



महागाई भत्त्यावर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही आपल्या मुलांच्या प्राथमिक शाळेविषयी बोलणार आहोत.

केंद्राची 'निपुण भारत' मोहीम २०२१ साली सुरू झाली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हिशेब यावा, हा तिचा हेतू. हेतू योग्यच आहे. पण 'आधी वाचन, विज्ञान मागाहून' असा अर्थ लावून परिसर अभ्यासाचा तास कापला, तर नुकसान कोणाचे? ज्याच्या घरी पुस्तके नाहीत, त्या कामगाराच्या मुलाचे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो. 'उष्णतेने धातू प्रसरण पावतो' हे वाक्य घोकून पाठ केले. त्याचा अर्थ कळला तो नोकरीला लागल्यावर, रुळांच्या सांध्यातली फट पाहून!

याच्या उलट करता येते. वर्गात पाण्याच्या दोन वाट्या ठेवाव्यात, एक उघडी, एक झाकलेली. मुलांनी रोज पातळीची खूण करावी, एक ओळ लिहावी, ती वाचून दाखवावी. उघड्या वाटीतले पाणी घटले की मग 'बाष्पीभवन' हा शब्द द्यावा. कन्नड शाळेतल्या मराठी मुलाला याचा दुप्पट फायदा. 'पाणी' आणि 'नीरु' हे दोन्ही शब्द त्याला एकाच वाटीत दिसतात.

आपले कामही धडा होऊ शकते. एनसीईआरटीच्या परिसर अभ्यासाच्या मागच्या पुस्तकांत तिसरीला पत्राचा प्रवास होता आणि चौथीला ओमना या मुलीचा रेल्वेप्रवास. त्यात मुलांना रेल्वेचे तिकीट वाचायला लावले होते. २०२४ पासून त्या पुस्तकांच्या जागी नवी आली. पण ती रीत सोडण्याचे कारण नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. तिथे जाऊन बसा. परिसर अभ्यासाचा तास कापू देऊ नका. गँगमन वर्गात येऊन रुळांमधली फट समजावील, पोस्टमन पिनकोडचे सहा आकडे उलगडून दाखवील. मुले प्रश्न विचारतील, उत्तरे लिहितील, वाचतील. त्यात विज्ञानही आले आणि वाचनही.

कामगार एकजुटीचा विजय असो!